चर्चिल तेच तेच बोलला तर स्टाईल, मी लिहिलं तर चूक??

साखळीची_चेडूं:
बीए सेकंड इयर, इंग्लिश. निबंध होता गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर. क्लासमध्ये चर्चिलचं 4 जून 1940 चं भाषण शिकवलेलं, वी शॅल फाइट परत परत येतं ते, त्याला अ‍ॅनाफोरा म्हणतात, म्हणून मी पण चार वाक्यं सलग दे मस्ट गो नं सुरू केली तर सरांनी लाल पेनाने रिपिटिशन लिहिलंय, आणि 'आज एक बोट, उद्या अख्खी मांडवी' यावर स्लिपरी स्लोप. दोन्ही एकच चूक का? डोकं भंजाळलंय.

फोंडेकार:
एक नव्हे गं. अ‍ॅनाफोरा ही सांगण्याची ढब, आपल्या अलंकारांसारखी. स्लिपरी स्लोप, म्हणजे एका पावलावरून थेट शेवटच्या टोकाला उडी, हा विचारातला घोटाळा, आपल्या तर्कशास्त्रात हेत्वाभास म्हणतात तसा. आणि चर्चिलचं नीट वाच, दर वेळी जागा बदलते, समुद्र, आकाश, किनारा, शेतं, रस्ते, डोंगर, म्हणजे शत्रू आत आत येतोय तरी लढाई चालूच. तुझं दे मस्ट गो कुठे सरकतं?

साखळीची_चेडूं:
कुठेच नाही 🙈

नुस्त्याचें_हुमण:
स्लिपरी स्लोपचं मला सरांचं अर्धंच पटलं. एका बोटीच्या परवान्यानंतर दुसरीला नाही म्हणणं का कठीण होतं ह्या मधल्या पायऱ्या तू दाखवल्यास तर तो फॅलसी (हेत्वाभास) राहत नाही. 'कॅसिनो आले नि मासे कमी झाले' असं मात्र लिहू नको हां, लोक सर्रास लिहितात, ते पोस्ट हॉक, आपला कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

फोंडेकार:
फॉल्स डायलेमा पण बघून ठेव, म्हणजे दोनच पर्याय आहेत असं भासवणं. 16 जानेवारी 1967 चा गोव्याचा ओपिनियन पोल, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. मतपत्रिकेवर दोनच खुणा हा हेत्वाभास नव्हे, तो मतदानाचा नियम. पण त्या वेळी कोणी भाषणात 'तिसरी वाटच नाही' म्हटलं असेल तर तो फॉल्स डायलेमा, कारण 30 मे 1987 ला घटक राज्य झालंच की.

नुस्त्याचें_हुमण:
बाबा रे, फूल-पान इथे नको, रात्रभर थ्रेड चालेल 😄

साखळीची_चेडूं:
देव बरें करूं दोघांक. तरी मला वाटतं सर भायले (गोव्याबाहेरचे) आहेत म्हणून मांडवीचं त्यांना काय पडलेलं नाही आणि मार्क कापले.

फोंडेकार:
हे अ‍ॅड होमिनेम, मुद्दा सोडून माणसावर घसरणं. रीराइटमध्ये घालू नको.