चकमकीची ठासणीची बंदूक: रंजक जळते, पण बार होत नाही

प्रश्न:
मंडळी, पेन्सिल्व्हेनियात नाताळनंतरचा चकमकीच्या बंदुकीचा हरणांचा हंगाम जवळ आलाय. बंदूक .५० ची (नळीचा व्यास, इंचात), ७० ग्रेन (दारूचं माप) पायरोडेक्स, म्हणजे काळ्या दारूऐवजी वापरायची दारू, .४९० ची गोल गोळी, चिंधीसकट. चकमक नवी, ठिणग्या भरपूर. तरी तीनातून एकदा पॅनमधली (नळीच्या बाजूच्या वाटीतली) रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भक्कन जळते आणि पुढे काहीच नाही. बाकी वेळी फिस्स… मग धडाम. कान (पॅनमधून नळीत जाणारं भोक) टाचणीने साफ केलाय. एक न उडालेला बार अजून नळीत आहे.

उत्तर १:
दोष दारूत आहे. पायरोडेक्स पेटायला खऱ्या काळ्या दारूपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. टोपीच्या (स्फोटक टोपीने पेटणाऱ्या) बंदुकीत ते चालतं. इथे कानातून आत जाते ती फक्त क्षणभराची झळ. नळीत काळी दारू २एफ (जाड दाण्याची), मापाने तेवढीच ७० ग्रेन, रंजकेला ४एफ (अगदी बारीक दाण्याची). बिनधुराची (आधुनिक काडतुसांतली) दारू चिमूटभरही नको, नळी फुटते.

उत्तर २:
वरचं बरोबर, पण ‘फिस्स… धडाम’चं कारण वेगळंही असतं. पॅन काठोकाठ भरलं की कान रंजकेखाली बुजतो, आणि ती वातीसारखी कण कण जळत आत जाते. पॅन निम्म्याहून कमी भरा, रंजक कानाच्या खालीच राहू द्या. कानाचं भोक साधारण १/१६ इंच असावं.

दुसरं, तेल. बऱ्याच बंदुकांत नळीच्या तळाशी दारूची खोली नळीपेक्षा अरुंद असते. .५० चा ब्रश तिथे पोचतच नाही. तेल आणि काजळीचा चिकट काळा लगदा तिथेच साचतो. .३० चा ब्रश चिंधी गुंडाळून तळापर्यंत घाला, मग अल्कोहोलची चिंधी, मग कोरडी. शेवटची चिंधी पांढरी आली तरच दारू भरा. फ्रिझन (चकमक जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी) आणि चकमकीची धारही अल्कोहोलने पुसा.

उत्तर ३:
आधी नळीतला बार. रंजक जळून बार झाला नाही, तर तोंड निशाणाकडेच धरून पूर्ण मिनिटभर थांबायचं, दर वेळी. मग घोडा खाली, फ्रिझन उघडं, पॅन रिकामं. कान टोचा, त्यातून ४एफचे थोडे दाणे आत सरकवा. नळीच्या तोंडावर न वाकता गजाने गोळी पुन्हा तळाशी दाबा. गोळी आणि दारूत पोकळी राहिली तर नळीला धोका. रंजक घालून सुरक्षित बांधावर उडवा.

गजावर दोन खुणा करून ठेवा: रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची. दारूवाचून गोळी ठासली गेली तर लगेच कळतं.

दमट हवेत ४एफ ओल धरते, पॅनमध्ये काळी शाई होते. रानात दर अर्ध्या तासाला पॅन पुसून नवी रंजक घाला.