शब्दचर्चा: ‘नकळत’ की ‘छुपे’ की ‘चोरून’?

प्रश्न: नागपुरातल्या आमच्या कॉलेजच्या तक्रार समितीसाठी मराठी फलक लिहायचा आहे. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत, मेट्रोत, फुटाळा तलावावर मुलींचे फोटो काढले जातात, त्याबद्दल. मसुद्यात ‘नकळत छायाचित्रण’ आहे, एका मॅडमना ‘छुपे चित्रीकरण’ हवंय. काय ठेवावं?

उत्तर, भाषेचे मास्तर: ‘नकळत’ आधी खोडा. ‘तिच्या नकळत फोटो काढला’ म्हणजे तिला कळलं नाही. ‘माझ्याकडून नकळत फोटो निघाला’ म्हणजे काढणारा सुटला! नुसतं ‘नकळत’ लिहिलं की कुणाच्या, ते ज्याने त्याने सोयीने ठरवायचं. पकडले गेलेले पोट्टे हेच बोलतात: ‘मी सेल्फी घेत होतो, त्या मागून आल्या.’ फोटो निघतो, व्हिडिओ व्हायरल होतो, सगळी क्रियापदं अकर्मक. काढणारा आणि पाठवणारा वाक्यात कुठेच नाही.

उत्तर, मेट्रोने रोज जाणारी: ‘छुपा कॅमेरा’ म्हटलं की ट्रायल रूम नाहीतर हॉटेलचं बाथरूम डोळ्यापुढे येतं. मेट्रोत मोबाइल उघड हातात असतो. समोरचा माणूस अंगठा स्क्रोल केल्यासारखा हलवतो, पण मोबाइल सरळ उभा धरतो. खरंच वाचत असता तर खाली तिरपा धरला असता. मान वर केली की तोच मोबाइल कानाला लागतो. यात छुपं काय आहे?

उत्तर, वकील (धंतोली): मॅडमच्या शब्दाची दुसरी अडचण कायद्यातली. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (१ जुलै २०२४ पासून, आधी भादंवि ३५४-सी, २०१३ च्या दुरुस्तीने आलेलं) खासगी कृतीपुरतं आहे: जिथे एकांत अपेक्षित असतो अशी जागा, आणि उघडं अंग, शौचालयाचा वापर किंवा लैंगिक कृती. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं, पुन्हा केल्यास तीन ते सात. फुटाळ्यावर कणीस खाणाऱ्या मुलीचा फोटो यात सहसा बसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई गुप्तांगांच्या चित्रांपुरतं. रस्त्यावरच्या प्रकाराला बहुधा कलम ७९ (जुनं ५०९) बघावं लागतं: स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेली कृती, किंवा तिच्या खासगीपणावर घाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तिथे हेतू दाखवावा लागतो आणि तेच जड जातं. ‘छुपे’ लिहाल तर मुलींना वाटेल, रस्त्यावरच्याची तक्रार होतच नाही. आणि कायद्याच्या हिंदी पाठात कलम ७७ च्या गुन्ह्याला दिलेला ‘दृश्यरतिकता’ हा शब्द फलकावर आणू नका, कृपा करा.

उत्तर, वर्धा रोड: बाप्पा, एवढं काहून? आमच्या घरी आई सरळ म्हणते, ‘तो पोट्टा चोरून फोटू काढून राह्यला.’ कोण, काय, कसं, सगळं आलं.

उत्तर, भाषेचे मास्तर: आईंचं वाक्य उत्तम, कर्ता शाबूत आहे. एक शंका: ‘चोरून’चा अर्थ नुसता गुपचूप असाही होतो. चोरून लग्न करणारे कुणाचं काही नेत नाहीत. म्हणून सोबत ‘तिला न विचारता’ हवंच. ‘टिपणे’ मात्र नको. पाखरू दाणा टिपतं, शिकारी सावज टिपतो, आणि वर्तमानपत्रात तर ते कौतुकाचं क्रियापद आहे.

प्रश्नकर्ती: ‘विनासंमती’ चालेल?

उत्तर, वकील (धंतोली): चालेल, पण सरकारी वाटतं. शिवाय संमती कशाची, ते सांगावं लागेल. कलम ७७ च्या स्पष्टीकरणातच आहे, खासगी कृतीचं चित्र काढायला होकार असला आणि ते पसरवायला नसला तरी पसरवणं गुन्हा. मैत्रिणीने वाढदिवसाला फोटो काढू दिला म्हणून तो हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकायची परवानगी मिळाली, असं पुष्कळांना वाटतं. हे बोलीतच लिहा.

प्रश्नकर्ती: मग असं करते. मथळा: ‘चोरून फोटो काढणे’. खाली: ‘तिला न विचारता तिचा फोटो, व्हिडिओ काढू नका. काढू दिला असेल तरी न विचारता कुणाला पाठवू नका.’ त्याखाली समितीचा फोन नंबर.

उत्तर, मेट्रोने रोज जाणारी: नंबर मोठ्या अक्षरात. आणि फलक मुलांच्या हॉस्टेलमध्येही लावा, फक्त लेडीज रूमबाहेर नको.