मदत हवी आहे: आईसोबत गोरिला बघायला, बुहोमा की रुशागा?
जूनमध्ये आईला घेऊन युगांडात, बविंडीच्या जंगलात डोंगरी गोरिला बघायला जायचंय. बुहोमा आणि रुशागा हे त्याच जंगलाचे दोन भाग, जिथून चालायला सुरुवात होते. आई ६४ वर्षांची. राजगड दोनदा चढलीय, पण आता उतरताना गुडघा दुखतो. परमिट माणशी ८०० डॉलर, रवांडात १५००, म्हणून युगांडाच ठरवलं. गोरिलांजवळ मिळणार एकच तास; पण त्यांचं कुटुंब कधी तासाभरात सापडतं, कधी अर्धा दिवस चिखलातून चढउतार करावी लागते. त्याचीच धास्ती वाटते.

कोणी जाऊन आलंय का? बुहोमाची वाट रुशागापेक्षा सोपी आहे का? सामान उचलायला, हात धरायला पोर्टर तिथेच मिळतात. आईसाठी दोन घ्यावेत का? आणि सर्दी असली तर गोरिलांना लागण होऊ नये म्हणून आत सोडत नाहीत. ते योग्यच, पण अशा वेळी पैशांचं काय होतं?