मदत हवी आहे: मोबाइलवर चित्रित केलेला दशावतार डीव्हीडीवर कसा घालायचा?

मंडळी,

यंदा गावच्या जत्रेतला (सिंधुदुर्ग) दशावतार अख्खा मोबाइलवर चित्रित केला. दशावतारी मंडळाला आधी विचारलं होतं, आणि विकायचंबिकायचं काही नाही. तुकडे जोडून तीन तासांची एमपी४ फाइल झालीय, १०८०पी, ११ जीबी. ती आमच्या मोठ्या काकांना बघायचीय. त्यांच्याकडे जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्याला यूएसबी नाही. 'स्मार्ट टीव्ही घेऊन द्या' हा सल्ला कृपया देऊ नका. रिमोटची चार बटणं त्यांना पाठ आहेत आणि पाचवं शिकायची तयारी नाही.

लॅपटॉपला बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर आणलाय. चाचणीसाठी अर्ध्या तासाचा तुकडा डिस्कवर कॉपी केला. लॅपटॉपवर छान लागतो, काकांच्या प्लेअरवर मात्र 'नो डिस्क'. दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्कवरही तेच. प्लेअर बिघडलेला नाही, विकतच्या डीव्हीडी व्यवस्थित लागतात.

नेमकं काय करायचं? आणि तीन तास एका डिस्कवर मावतील का?

प्रतिसाद १
डिस्क बदलून उपयोग नाही. तुम्ही केली ती डेटा डिस्क. जुन्या प्लेअरला डीव्हीडी-व्हिडिओ लागते, म्हणजे चित्र एमपीईजी-२ या पद्धतीत, आवाज बहुधा एसी-३ या पद्धतीत आणि सगळं 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरात, व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी फाइलींच्या रूपात. विकतची एखादी डिस्क लॅपटॉपमध्ये उघडून बघा, हेच दिसेल. हे नुसत्या कॉपी-पेस्टने होत नाही, 'ऑथरिंग' (म्हणजे प्लेअरला समजेल अशी डिस्क रचणं) करावं लागतं. त्यासाठी 'डीव्हीडीस्टायलर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात एमपी४ टाकली की रूपांतर, मेनू, बर्निंग (डिस्कवर लिहिणं) सगळं तोच करतो.

प्रतिसाद २
+१. हँडब्रेक या व्हिडिओ-रूपांतराच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, त्यातून डीव्हीडी बनत नाही.

प्रतिसाद ३
तीन तासांचं बोलू. साध्या डिस्कवरचे ४.७ जीबी हे हजाराच्या हिशोबातले, विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं म्हणून तिथे ४.३७ दिसतात. ११ जीबीची फाइल आहे म्हणून घाबरू नका. मूळ फाइल केवढी याला इथे महत्त्व नाही, किती मिनिटं आहेत याला आहे. तीन तास एका डिस्कवर कोंबले तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साडेतीन मेगाबिटही येत नाहीत. एमपीईजी-२ ला ते फार अपुरं. त्यातून रात्रीचं चित्रण, मागे काळोख, पुढे झगझगीत दिवे, भरजरी पोशाख आणि तलवारीची हाणामारी. काळोखात नुसते चौकोन नाचतील.

दोन डिस्का करा. दीड-दीड तास धरला तर जवळजवळ सात मेगाबिट मिळतात. अगदी मधोमध मात्र कापू नका. पहिल्या डिस्कवर आडदशावतार (सुरुवातीचा पूर्वरंग) आणि आख्यानाचा (मुख्य कथेचा) सुरुवातीचा भाग, मग एखादा प्रवेश संपला की दुसरी. गिरक्या चालू असताना डिस्क संपली तर काका तुम्हाला सोडणार नाहीत.

८.५ जीबीची दुपदरी डिस्क मिळते, पण महाग असते आणि जुने प्लेअर तिच्यावर अडखळतात.

प्रतिसाद ४
एक गोष्ट राहिली. मोबाइलचं चित्रण बहुधा सेकंदाला ३० फ्रेमचं असतं. आपल्याकडे टीव्हीची पद्धत 'पाल' (PAL) म्हणून सगळे डोळे मिटून पाल निवडतात. पाल म्हणजे २५ फ्रेम, ३० चे २५ करताना फ्रेम गळतात आणि युद्धनृत्यात झटके दिसतात. डीव्हीडीस्टायलरमध्ये प्रकल्प सुरू करतानाच एनटीएससी ही दुसरी टीव्ही-पद्धत निवडा (७२० बाय ४८०, २९.९७ फ्रेम). भारतात विकले गेलेले बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही चालवतात. तरी आधी पाच मिनिटांचा तुकडा रीराइटेबल (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या) डिस्कवर घालून काकांकडे लावून बघा. चित्र काळं-पांढरं आलं किंवा सरकत राहिलं तर मुकाट्याने पाल. आणि टीव्ही चौकोनी असला तरी चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ च ठेवा. बाकीचं प्लेअरच्या सेटिंगमध्ये जमतं.

धागाकर्ता
भारीच! फ्रेमचं डोक्यातच आलं नव्हतं. बघितलं, चित्रण ३० चंच आहे. प्रवेश संपल्यावर डिस्क बदलायची कल्पना तर उत्तम. आता दोन शंका. गावात आणखी सात-आठ घरांना प्रती द्यायच्यात, दर वेळी रूपांतर करावं लागेल का? आणि कोरी डिस्क 'डीव्हीडी-आर' घ्यायची की 'डीव्हीडी+आर'?

प्रतिसाद ३
थेट बर्न करू नका. डीव्हीडीस्टायलरमधून आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवून ठेवा आणि इम्गबर्न या डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरने हव्या तेवढ्या प्रती काढा, पुन्हा रूपांतर नको. 'व्हेरिफाय' चालू ठेवा. वेळ वाढतो, पण खराब प्रत घरीच कळते. १६एक्स वेगाची डिस्क असली तरी ८एक्स वेगावर लिहा. डिस्क 'डीव्हीडी-आर' घ्या, जुने प्लेअर तिला जास्त सरावलेले असतात.

कागदी लेबल चिकटवू नका, वजन एका बाजूला गेलं की डिस्क थरथरते. मऊ टोकाच्या मार्करने वरच्या बाजूला '१ – आड व आख्यान' आणि '२ – आख्यान पुढे' एवढं लिहिलं की झालं.

प्रतिसाद ५
बाहेरचा रायटर मधेच बंद पडत असेल तर यूएसबी हब काढा आणि थेट लॅपटॉपला जोडा. हबमधून वीज पुरत नाही.