मदत हवी आहे: कोल्हापुरी चपलेच्या चामड्यावर कोरायला कोणता लेसर घ्यावा?

वेणी_गोंडा:
नमस्कार मंडळी. आमचं घर चपलांचं. सासरे रापीनं कान आणि पट्टे कापतात, सासूबाई आणि मी वेण्या घालतो, गोंडे बांधतो. शिलाई अजून चामड्याच्या वादीनंच होते. माल चप्पल लाईनीतल्या दुकानांत जातो, थोडा थेट ऑर्डरीवर.

हल्ली लग्नाच्या ऑर्डरी वाढल्यात. कुणाला पट्ट्यावर नवरा-नवरीची नावं हवीत, कुणाला तारीख, कुणाला पैठणीवरचा मोर. प्रत्येक नावाला नवा ठसा करणं परवडत नाही, म्हणून लेसर मशिन घ्यायचं घरात चाललंय.

अडचण अशी की एक विक्रेता ६० वॅटचं, काचेच्या नळीचं कार्बन डायऑक्साइड लेसर मशिन घ्या म्हणतो. दुसरा म्हणतो, २० वॅटचं फायबर लेसर घ्या, नळी बदलायची कटकट नाही आणि हुपरीच्या चांदीचं कामही मिळेल. ऑनलाईन एक निळ्या प्रकाशाचं छोटं मशिन दिसतंय, ते सगळ्यांत स्वस्त. पण ते उघडं आहे, सोबत एक हिरवा चष्मा देतात. लेसर म्हणजे लेसर, मग यांत एवढा फरक कशाचा?

दुसरी काळजी डोळ्यांची. कारखाना आणि घर एकच आहे, मुलगा सहा वर्षांचा, दिवसभर आमच्याभोवतीच असतो. मिरवणुकीतल्या लेसरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपल्याकडं येऊन गेल्यात, त्यामुळं सासूबाई तयारच नाहीत. आणि सासऱ्यांचा प्रश्न वेगळाच आहे: मशिननं कोरलं तर ती कोल्हापुरी राहते का? जाणकारांनी मनापासून सांगावं.

उद्यमनगरकर:
ताई, पहिल्यांदा एक सांगतो, फायबरवाल्याचं ऐकू नका. माझं पत्रा आणि लोखंडाचं काम आहे, आमच्याकडं फायबरच लागतो. पण चामड्यावर त्याचा भरवसा नाही. काळ्या रंगाच्या चामड्यावर उमटतं, तुमच्या पिवळट-तपकिरी चामड्यावर कुठं उमटेल कुठं नाही. वॅट बघून मशिन घ्यायचं नसतं, माल कोणता ते बघून घ्यायचं असतं.

प्रकाशशास्त्र_शिक्षक:
उद्यमनगरकरांचं बरोबर आहे. त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे उद्या कुणी काही गळ्यात मारू शकणार नाही.

साध्या दिव्याच्या प्रकाशात अनेक तरंगलांब्या मिसळलेल्या असतात आणि तो चहूकडं पसरतो. लेसरच्या झोतात जवळजवळ एकच तरंगलांबी असते, सगळे तरंग एका तालात चालतात आणि झोत फारच कमी पसरतो. म्हणून भिंगानं तो अगदी बारीक ठिपक्यात गोळा करता येतो. तुमचे ६० वॅट ०.२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात आणले, तर तिथली तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे १९ लाख पट होते. चामडं जळून उडून जातं ते यामुळं.

पण तो प्रकाश चामड्यानं शोषला पाहिजे. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. चामडं, लाकूड, कागद, कापड, अ‍ॅक्रिलिक हे सगळे तो चांगला शोषतात. चकचकीत धातू मात्र तो परतवून लावतात. फायबर लेसर साधारण १.०६ मायक्रॉनचा, धातूंच्या कामाचा. निळा ०.४५ मायक्रॉनच्या आसपास. तो चामड्यावर चालतो, पण रंगानुसार परिणाम बदलतो आणि काम सावकाश होतं. तुमच्यासाठी नळीवालंच मशिन.

हा लेसर आपल्याकडच्या माणसानं शोधलाय, हे मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगतो. कुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. जगातला पहिला लेसर, थिओडोर मेमन यांचा माणकाचा, त्याच्या जेमतेम चार वर्षं आधीचा.

आता डोळ्यांचं. सासूबाईंची भीती अगदी रास्त आहे, ती उडवून लावू नका. दिसणारा प्रकाश आणि फायबर लेसरचा अवरक्त प्रकाश डोळ्याच्या भिंगातून आत जातो आणि पडद्यावर गोळा होतो. तिथं त्याची तीव्रता सुमारे एक लाख पट वाढते. पडद्याला वेदना कळत नाही, आणि फायबरचा झोत दिसतही नाही, त्यामुळं इजा होऊन गेल्यावरच समजतं. मिरवणुकीतला धोकाही पडद्यालाच असतो. नळीवाल्या मशिनचा प्रकाश डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक पटलावरच शोषला जातो. पडदा वाचतो, पण पटल भाजतं, म्हणजे तोही निरुपद्रवी नाही. त्यातल्या त्यात चांगली गोष्ट ही की १०.६ मायक्रॉनचा प्रकाश अ‍ॅक्रिलिकच्या झाकणातून बाहेर येत नाही. म्हणून पूर्ण बंद पेटीचं, झाकण उघडताच झोत बंद पडणारं मशिनच घ्या. ते कळ दाबून दाबून तपासा.

उघडं निळं मशिन लहान मूल वावरतं त्या खोलीत नकोच. चष्मा चालवणाऱ्याच्या डोळ्यावर असतो, मुलाच्या नाही. आणि एका तरंगलांबीचा चष्मा दुसऱ्या लेसरला चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

हुपरीकर:
चांदीबद्दल मी सांगतो. आम्ही दागिन्यांवर खुणा फायबरनं मारतो. चांदी प्रकाश परत फेकते, म्हणून झोत सलग न सोडता छोट्या छोट्या झटक्यांनी सोडतात. सरासरी २० वॅटच, पण सेकंदाला २० हजार झटके आणि एकेक झटका १०० नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) धरला, तर त्या क्षणाला ताकद १० किलोवॅट होते. तेव्हा कुठं चांदी ऐकते. तुमच्या नळीवाल्यानं हे व्हायचं नाही. एका मशिनवर दोन धंदे धरू नका ताई.

वेणी_गोंडा:
सगळ्यांचे खूप आभार. सरांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. बंद पेटी आणि स्वतंत्र खोली असेल तर त्या तयार आहेत. मागची पडवी रिकामी करतोय.

धुराचं काय? काही गिऱ्हाइकं रेक्झिनच्या पिशवीवरही नाव टाकून मागतात, ते करावं का? आणि जाड तळसुद्धा यावर कापता येतील का?

प्रकाशशास्त्र_शिक्षक:
रेक्झिन अजिबात नको. त्यावर बहुतेक वेळा पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक, असतं, ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो छातीत जातो आणि मशिनही गंजवतो. शंका आली तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, त्या वस्तूला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, परत द्या. हे खिडकी उघडी ठेवून, थोडंसंच करा.

चामडंही बघून घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कोल्हापुरी चामडं लेसरला उत्तम. क्रोमनं कमावलेलं, कापल्यावर आतून निळसर-राखाडी दिसणारं, टाळा. त्याच्या धुरात क्रोमियम येतं.

उद्यमनगरकर:
धुराचा पाईप पडवीच्या बाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब काढा. जळक्या चामड्याचा वास लई चिवट असतो. अर्थिंग नीट करून घ्या, नळीला हजारो व्होल्ट लागतात. पाणी डिस्टिल्डच वापरा. उन्हाळ्यात ते तापू देऊ नका, पण पावसाळ्यात फार गारही करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत नळीच्या तोंडावर आणि आरशांवर दव धरतं आणि आरसा जातो. मशिन चालू असताना जागा सोडायची नाही, आणि आग विझवायचं नळकांडं शेजारीच ठेवायचं.

तळ मात्र रापीनंच कापा. जाड चामड्याची कड लेसरनं काळी पडते, ठिसूळ होते, वादी ओवताना फाटंल.

वेणी_गोंडा:
तळाचं ऐकून सासरे खूश झाले. त्यांच्या प्रश्नाचं मात्र कुणी उत्तर दिलं नाही.

प्रकाशशास्त्र_शिक्षक:
ते मला माझ्या मतापुरतंच सांगता येईल. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मानांकनाचे नियम महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाच्या, लिडकॉमच्या, कार्यालयात लेखी विचारून घ्या. माझ्या मते चामडं, कापणी, वेणी आणि शिलाई हातची असेल आणि फक्त नाव मशिननं कोरलं असेल, तर चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहावं: 'नाव लेसरने, चप्पल हातची.' गिऱ्हाइकाला सगळं हातानं कोरलंय असं सांगितलं, तर ते मात्र सासऱ्यांच्या हातावर अन्याय करणारं होईल.

पैसे भरण्याआधी तुमच्याच पट्ट्याचे तुकडे विक्रेत्याकडं न्या. ओलसर चामडं, कोरडं चामडं, तेल लावलेलं चामडं, असे तिन्ही. एकाच तुकड्यावर वेग आणि ताकद बदलत छोटे चौकोन कोरून मागा. देवनागरीतला 'ज्ञ' आणि 'क्ष' चार-पाच मिलिमीटर उंचीचा, पोकळी न बुजता उमटला तर मशिन घ्या. काजळी बसू नये म्हणून कोरण्याआधी कागदी चिकटपट्टी लावा, ती काढल्यावर ओल्या फडक्यानं पुसून मग तेल द्या.