मदत हवी आहे: कोरियन अक्षरं वाचता येतात, गोष्ट काही कळत नाही

नमस्कार मंडळी, कोरियन वाचायला शिकलेलं कोणी इथे असेल तर जरा मार्ग दाखवा. मी रांजणगाव एमआयडीसीत एका कोरियन कंपनीत स्टोअर्सला आहे, दिवसभर "प्पाल्ली प्पाल्ली" (लवकर लवकर) कानावर आदळतं, त्यातूनच हे खूळ डोक्यात शिरलं. पाच महिने झाले. हंगुलची (कोरियन लिपीची) मूळ अक्षरं २४, जोड धरून ४०, ती बसली. १४४६ साली ही लिपी जाहीर झाली तेव्हाच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे की हुशार माणूस सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मठ्ठ माणूस दहा दिवसांत. मला नऊ लागले.

कंपनीच्या बसमध्ये जाता-येता बराच वेळ मिळतो म्हणून नवशिक्यांसाठीच्या छोट्या गोष्टींचं पुस्तक घेतलं, दीड-दोन पानांची एकेक गोष्ट, समोरच्या पानावर इंग्रजी. पहिल्याच गोष्टीत आजोबा सकाळी घराबाहेर पडतात आणि वाक्य येतं "किरुल कॉरॉत्ता". किल म्हणजे रस्ता, उल लागलं म्हणजे ते कर्म, इथवर ठीक. कॉरॉत्ता शोधलं तर मूळ क्रियापद निघालं "कॉल्दा", अर्थ टांगणे. आजोबांनी रस्ता टांगला?? वाघोलीपासून शिक्रापूरपर्यंत मी त्या टांगलेल्या रस्त्यावरच अडकलो होतो. शेवटी इंग्रजी पान बघितलं, तर आजोबा नुसते चालत होते. चालणे म्हणजे "कॉत्ता", पण पुढे स्वर आला की त्यातल्या त चा ल होतो आणि भूतकाळात टांगणे आणि चालणे दोन्ही अक्षर न् अक्षर सारखे लिहितात. असं असेल तर शब्दकोशात शोधायचं तरी काय?

दुसरं म्हणजे जिथे शिकलो तिथे सगळं "-यो" वालं शिकवलं, कायो (जातो), मॉगॉयो (खातो), आणि गोष्टीत बघतो तर कात्ता (गेला), मॉगॉत्ता (खाल्लं), सगळीकडे ता ता ता. एका पानाला चाळीस मिनिटं लागतात आणि शेवटी डोळा इंग्रजी पानावर जातोच, मग कोरियन वाचल्यासारखं वाटतं पण वाचलेलं काहीच नसतं. तर प्रत्येक शब्द बघत जाऊ का अंदाजाने पुढे जाऊ, आणि लोककथा घेऊ का आजकालच्या साध्या गोष्टी?

प्रतिसाद १:
दादा, आधी ते इंग्रजी पान क्लिपने बंद करा. कोरियन वाक्य इंग्रजीत नेलं की उलटं होतं, मराठीत नेलं तर जवळपास आहे त्या क्रमाने बसतं. "ऑम्मागा मान्दुन किमची" बघा, ऑम्मा आई, गा हा कर्त्याचा प्रत्यय, मान्दुन केलेली, झालं, आईने केलेली किमची. शब्दाच्या शेपटीला प्रत्यय आणि वाक्याच्या शेवटी क्रियापद हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे, ते कशाला सोडायचं. "नुन" दिसलं की मनात "तर" म्हणा, वाघ तर, मी तर, बऱ्याच ठिकाणी जमून जातं. "-ता" ला घाबरू नका, ते लिहिण्यातलं साधं रूप आहे, समोर कोणी नसताना सांगितल्यासारखं.

आणि लोककथाच घ्या, तीच वाक्यं फिरून फिरून येतात. "वाघ तंबाखू ओढायचे त्या काळी" अशी सुरुवात असते, आपल्या "आटपाट नगर होतं" सारखी. वाघ आणि कोत्कामची गोष्ट शोधा. पोर रडतंय, आई म्हणते वाघ आला, तरी रडतंय, आई म्हणते हे घे कोत्काम (वाळवलेलं पर्सिमन फळ), पोर गप्प, आणि बाहेर उभ्या वाघाला वाटतं हा कोत्काम आपल्यापेक्षा भयंकर दिसतोय. आपल्याकडे टिपटिपला घाबरलेला वाघ आहे ना, त्याचाच चुलतभाऊ. गोष्ट आधीच ठाऊक असली की निम्मे शब्द आपोआप सुटतात. एकदाच आलेला शब्द सोडून द्या, तिसऱ्यांदा आला तरच शोधा.

प्रतिसाद २:
लोककथेबद्दल माझं मत वेगळं. कुऱ्हाड, लाकूडतोड्या, गवताचं छप्पर हे शब्द तुम्हाला स्टोअरमध्ये कुठे लागणार? रोजच्या आयुष्यावरच्या गोष्टी घ्या आणि ऑडिओ असलेल्याच घ्या, कारण लिहितात कुक-मुल (रस्सा) आणि म्हणतात कुङमुल, लिहितात कात-ई (सोबत) आणि म्हणतात काछी. आधी ऐकायचं मग वाचायचं. आणि हे सगळे उच्चार वहीत देवनागरीत लिहून ठेवू नका, तिथून सुटका होत नाही (इथे आपण सगळे तेच करतोय ते सोडा). क्रियापदांची मात्र वही करा, कॉत्तासारखी रूपं बदलणारी एका पानावर, रोज दोन. आणि समोर रस्ता असेल तर चालणे, भिंत-खिळा असेल तर टांगणे, एवढी अक्कल शब्दकोशाला नसते, ती आपणच लावायची.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. कोत्काम मिळाली, ऑडिओसकट, म्हणजे तुम्हा दोघांचंही ऐकलं. चार दिवसांत तीनदा वाचली. आई बाळाला "उल्जी मा" म्हणते तिथे शब्दकोश उघडायच्या आधीच कळलं, रडू नको, बसमध्ये मोठ्याने वाचलं तर शेजारचा बघायला लागला. "होरांगी वात्ता", वाघ आला, हेही सुटलं. आता ही ता ची रूपं तोंडात बसायला लागलीत तर उद्या कोरियन साहेब आत आले की "वात्ता" म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद १:
अजिबात नको!! साहेबांशी "-यो" नाहीतर "-म्निदा", ही आदराने बोलायची रूपं. ता वाघासाठी ठेवा.