रानभाज्यांनी वजन आणि पोट दोन्ही सुधारतं का? कुठली आधी आणू?

शलाका_ठाणे: नवऱ्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 28 झालाय, पोट रोज साफ होत नाही, इसबगोलवर चाललंय. स्टेशनबाहेर मावश्या फोडशी, टाकळा, शेवळं, घोळ घेऊन बसायला लागल्यात. वजनासाठी यातलं काय चांगलं? आणि व्हॉट्सॅपवर रानभाज्यांची पावडर विकतात ती घेऊ का?

रानवाट: पावडर अजिबात नको ताई. कुठलीच पालेभाजी चरबी जाळत नाही, फरक पडतो तो ताटात, वाटीभर भाजीने पोट भरतं, कॅलरीज अगदी कमी, मग पोळ्या आपोआप कमी जातात, शिवाय त्यातलं फायबर मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, ज्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. डब्ल्यूएचओ मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम फायबर सांगतं, ते एका भाजीने होत नाही, भाकरी आणि उसळ हवीच.
सुरुवात फोडशीने करा. मुळाकडचा पांढरा भाग आणि कडक दांडा काढा, तीनचार पाण्यांतून धुवा कारण माती खूप असते, मग कांदा, मिरची, भिजवलेली मूगडाळ. भजी छान होतात, पण तुमच्या कामाची नाहीत.

डोंबिवलीकर_मी: टाकळा कोवळाच बघून घ्या, जून झाला की उग्र लागतो. त्याने पोट सैल होतं म्हणून आधी थोडाच. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात, घसा जाम खाजतो, त्यामुळे काकडं (काकड झाडाची आंबट फळं) नाहीतर चिंच पाहिजेच, आणि पहिल्यांदा करताना जाणत्या बाईला शेजारी उभं करा. घोळीत ओमेगा-3 आहे पण ऑक्झलेटही भरपूर, त्याने मुतखडा होऊ शकतो, घरात कुणाला आहे का?

शलाका_ठाणे: ह्यांना होऊन गेलाय!! आणि फायबरने गॅस होतो त्याचं काय?

रानवाट: मग घोळ आणि शेवळं दोन्ही राहू द्या. बाकी पालेभाज्यांबद्दलही त्यांच्या डॉक्टरांना विचारा, पाला उकळून पाणी टाकलं की ऑक्झलेट बरंच कमी होतं. गॅससाठी एकदम वाढवू नका, आठवड्यातून दोनदा भाजी, पाणी जास्त, पोटाला सवय होऊ द्या. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण अचानक बदलू नका, व्हिटॅमिन के मुळे डोस बिघडतो. आणि स्वतः रानात जाऊन तोडू नका, सारखी दिसणारी विषारी झाडं असतात, मावशीकडूनच घ्या आणि कशी करायची तेही तिलाच विचारा. करटोली दिसली तर नक्की घ्या, कमी तेलावर परतून.